मधल्या फळीतली जागा

मारोती, तू पळालास हे मला तुझ्या लेकीनं सांगितलं.

दहावा उरकून माणसं तुझ्या ओट्यावर टेकली होती. कुणी म्हणत होतं, छातीत कळ आली असेल. कुणी म्हणत होतं, वारंगा फाट्यावर वेळेत गाडी मिळाली असती तर वाचला असता. मी ऐकत होतो. तेवढ्यात आरती आली आणि मला गोठ्यामागे घेऊन गेली. डोळे कोरडे होते तिचे. रडून संपल्यावर होतात तसे.

"काका, बाबा पळाले व्हते," ती म्हणाली.

"कधी?"

"त्याच दिशी. रोज सकाळी आमी पडीक रानात जातो ना, बाबा एका जागी उभं राहून पास देतेत अन् मी पळते. त्या दिशी मी चेंडू लांब मारला. म्हणलं, थांबा, मी आणते. तर बाबाच पळाले. चेंडू घेतला, वळले, माझ्या अंगावर आले. मला डावीकडून चकवलं अन् पार त्या लिंबापर्यंत गेले. हसून राहिले व्हते, काका. मंग खाली बसले."

मग ती हळूच म्हणाली, "आईला सांगू नका. मी लांब मारला ना चेंडू."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या घरातलं हे दुसरं गुपित होतं, मला सांभाळायला दिलेलं. पहिलं मी सांभाळलं नव्हतं, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

खरं सांगू? मला आधी तुझा राग आला. लेकीसमोर असं करतं का कुणी? मग माणसं पांगल्यावर मी एकटाच त्या रानात गेलो आणि बांधापासून त्या कडुलिंबापर्यंत चालून पाहिलं. चाळीस-पन्नास पावलं असतील. तेवीस वर्षांत तू एवढासुद्धा पळाला नव्हतास. लिंबाखाली बराच वेळ उभा राहिलो, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

तू पळायचास कसा, हे पाहिलेली माणसं आता हिंगोलीत किती उरली असतील? कॉलेजच्या मैदानावर गवत कमी आणि खडे जास्त. आपण निम्मे अनवाणीच फुटबॉल खेळायचो. तू वाडीवरून यायचास, अंगाला मेंढरांचा वास घेऊन, आणि पोरं नाक दाबायची. खेळ सुरू झाला की मात्र सगळी तुझ्याकडेच बघायची. तू मान वळवायचा नाहीस आणि तरी मागे कोण आहे ते तुला कळायचं. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "साठ मेंढरं राखतो बे मी. एक जरी बाजूला सरकलं तरी आवाजावरून कळतंय. तुमी तर अकराच हाव."

तुझा तो इंग्रज तुला आपण कॉलेजात असतानाच सापडला. होस्टेलच्या टीव्हीवर कुठल्याशा सामन्यात मधल्या फळीत एक गोरा, किरकोळ अंगाचा पोरगा खेळत होता. चेंडू पायात येण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून बघायचा, एकदा उजव्या, आणि मग न बघता चाळीस हात लांब पास द्यायचा. तू खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ जाऊन बसलास. "ह्यानं नक्कीच मेंढरं राखली असतील," म्हणालास. मग पेपरात त्याचं वय वाचलंस आणि मला कोपर मारलंस, "आपल्याच वयाचा हाय बे." त्याचं नाव आपल्या दोघांनाही धड घेता येईना. तू त्याला 'आपला गोरा' म्हणायला लागलास आणि मग सगळे त्याला 'मारोतीचा गोरा' म्हणू लागले. त्याला क्लबच्या पहिल्या संघात कायमची जागा मिळाली त्याच हिवाळ्यात विद्यापीठ संघाच्या शिबिरासाठी तुझं नाव पक्कं झालं. कसला योग, असं वाटलं होतं आपल्याला.

शिबिराला आठवडा होता आणि तू मैदानात पडलास. कुणाचा धक्का नाही, काही नाही. पळता पळता गुडघ्यावर आलास आणि तोंडावर पडलास. मी पाणी मारलं. तू उठलास आणि म्हणालास, "उपाशी हाव, दुसरं काय." पण ओठ निळे पडले होते तुझे. मीच हट्ट धरला आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघं एसटीनं नांदेडला गेलो.

डॉक्टरांनी छातीवर ते गार मलम लावून बराच वेळ पडद्यावर पाहिलं. मग विचारलं, "घरात कुणी तरणंताठं अचानक गेलंय का?" तू म्हणालास, "चुलता. मेंढरामागं पळताना. साप चावला म्हणतेत." डॉक्टर म्हणाले, साप नसेल चावला. तुझ्या हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड आहे. चालायचं, काम करायचं, बेतानं जगायचं. पळायचं नाही. पळताना कधी बंद पडेल याचा नेम नाही.

परतीच्या गाडीत तू तो कागद चौघडी करून खिशात घातलास. बाळापूर मागे पडलं. मग माझा हात धरलास.

"माधव, एक शिबिर. एकदा खेळू दे मला. मंग सोडून देतो."

"अन् तिथंच पडलास तर?"

"तर पडलो. तुला काय तकलीफ हाय? कुणाला सांगू नको. शपथ घे."

मी शपथ घेतली. तुझ्या गळ्याला हात लावून घेतली.

चार दिवस मी ती पाळली. पाचव्या दिवशी दुपारी आपल्याला खेळ शिकवणाऱ्या कदम सरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, "त्याच्या बापाला बोलवून घेतो." आणि थोड्या वेळानं, "जागा तर रिकामी ठेवता येणार न्हाई. तू तयारी कर."

मी म्हणालो, "हो सर."

मारोती, मला आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत, पण ते 'हो सर' किती पटकन म्हणालो ते आठवतं.

तुझे आबा आले. त्यांनी तुला मारलं नाही की ओरडले नाहीत. मैदानाच्या कडेला उभं राहून म्हणाले, "चल. एक भाऊ गेला माझा, पोरगं जाऊ देणार न्हाई." तू बूट काढलेस. माझ्याजवळून जाताना थांबलासही नाहीस. मी हाक मारली. आजही मला वाटतं की तू ती ऐकली होतीस.

शिबिराला मी गेलो. दोन सामने खेळलो. एकात चेंडू पायात आला की घाबरून मागे ढकलत होतो. दुसऱ्यात बदली खेळाडू म्हणून शेवटची काही मिनिटं. पण प्रमाणपत्र मिळालं. त्याच्या आधारानं मी क्रीडाशिक्षक झालो. हिंगोलीच्या शाळेत शिट्टी गळ्यात घालून रोज जे उभं राहतो, ते तुझ्या जागेवर उभं राहतो.

चार वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. माझ्या लग्नाला आला नाहीस. आबा आले, आहेर देऊन न जेवता गेले. मेंढरं विकल्यावर तू फाट्यावर डिश आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकल्याचं कानावर आलं. एके दिवशी माझ्या घरी डिश बसवायला मी फोन करून माणूस बोलावला, तर दारात तू. मी बाजूला झालो. तू जिना चढलास, एकेका पायरीवर थांबत, म्हाताऱ्यासारखा. छत्री बसवलीस, वायर खाली सोडलीस, चॅनेल लावलंस. तर पडद्यावर आपला गोरा. आता कप्तान झाला होता, दंडाला पट्टी बांधून. तू हातातला पाना खाली ठेवलास आणि माझ्या सोफ्यावर बसलास.

चार वर्षांनंतर तुझं पहिलं वाक्य होतं, "आवाज वाढव."

त्यानंतर दहा वर्षं आपण त्याला बघत आलो. शनिवारी शाळा सुटली की मी फाट्यावर यायचो. तुझ्या दुकानात मागच्या भिंतीला टीव्ही, समोर उघडून पडलेले दहा मोबाइल, बाहेर ट्रकचे हॉर्न. तू त्याचा खेळ बघायचास म्हणणं अपुरं आहे. तू तो खेळायचास. पाय हलायचे तुझे टेबलाखाली. तो करंडक उचलायचा तेव्हा तू गिऱ्हाइकाला चहा पाजायचास. वर्ल्डकपला पेनल्टीवर हरला तेव्हा दोन दिवस शटर खाली होतं आणि कांतावहिनींनी मला फोन करून विचारलं, "भावजी, घरात कोन वारलं ते तर सांगा." त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर तू लंगडत चालल्यासारखा दिसायचास. कुणी त्याला म्हातारा म्हणालं तर भांडायचास, "पाय थकलेत. नजर न्हाई थकली."

माझी मात्र एक खोड तुला कधी कळली का? मी त्याच्याकडे कमी आणि तुझ्याकडेच जास्त बघायचो. त्याची ती सगळी वर्षं तुझ्या चेहऱ्यावर वाचायचो. तुला मिळायला हवी होती त्यातली दोन तरी, असं वाटायचं आणि मी चहाचा कप तोंडाला लावायचो.

त्याचा शेवटचा सामना आठवतो? उन्हाळ्याची संध्याकाळ होती. शेवटची दहा मिनिटं त्याला मैदानात उतरवलं. एक पास दिला त्यानं, तसाच, न बघता. मग शिट्टी झाली. तो हात वर करून सगळ्या मैदानाला फेरी मारत होता, त्याची लेकरं त्याच्या बरोबर होती. तू रिमोट घेऊन टीव्ही बंद केलास.

"संपली आपली कारकीर्द," म्हणालास. हसत म्हणालास. आणि लगेच, माझ्याकडे न बघता, "माधव, तू सरायला काहून सांगितलंस?"

चौदा-पंधरा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तर पाठ होतं.

"तुझ्या जिवासाठी."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

तू मान हलवलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

ते अर्धंच खरं होतं, मारोती. तू मरशील या भीतीनं चार रात्री मला झोप नव्हती, हे देवाशपथ खरं. पण सरांच्या खोलीकडे चालताना, तुझी जागा रिकामी झाली की ती मलाच मिळणार, हेही माझ्या डोक्यात होतं. त्या दोन विचारांपैकी कुठल्यानं मला दारापर्यंत नेलं, ते मी आजपर्यंत ठरवू शकलो नाही. तू 'एवढंच?' म्हणालास तेव्हा दार उघडून दिलं होतंस. मी आत आलो नाही.

आणि मग आरतीचं. आपलं शेवटचं भांडण, जे अजून संपलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याच शाळेच्या संघात आली, मधल्या फळीत. पहिल्याच दिवशी तिनं चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागं बघितलं, तुझ्या गोऱ्यासारखं. मी त्याच शनिवारी दुकानात आलो. म्हणालो, तिची तपासणी कर. डॉक्टरांनी विचारलेलं आठवतं ना, हे रक्तातून येतं.

तू हातातला मोबाइल जुळवत राहिलास. "काही न्हाई झालं तिला."

"झालं नसेल तर कळेल ना. एक दिवसाचं काम आहे."

"अन् झालेलं निघालं तर?" तू पहिल्यांदाच मान वर केलीस. "तर काय करशील? परत तूच सांगशील का सगळ्यायला? तिला बी घरी बसवशील? मी बसलो ना घरी. मला इचार कसं असतंय ते. रोज सकाळी पाय उठतेत अन् त्यायला खाली बसवावं लागतंय."

"ती जगली पाहिजे, मारोती."

"जगणं म्हणजे नुसतं बसणं न्हाई बे!"

तू इतक्या जोरात ओरडलास की तूच छातीवर हात ठेवलास. मी घाबरून विषय सोडला. तिला संघातून काढायची हिंमत मला झाली नाही, आणि तपासायला न्यायची तुला. तिच्या प्रत्येक सामन्यात मी शिट्टी दातात धरून उभा राहायचो, आणि तू पलीकडच्या लाइनीवर. दोन वर्षं आपण दोघं तिला नाही, तिच्या श्वासाला बघत होतो. एकमेकांकडे मात्र बघायचं टाळत होतो.

गेल्या आठवड्यात कांतावहिनींचा फोन आला. "भावजी, पोरीला नांदेडला घेऊन चला. त्यायनं नेलं न्हाई. मी नेते." आम्ही तिघं गेलो. तोच रस्ता, दवाखाना मात्र नवा. आत आरतीला नेलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनी पदराच्या टोकाला पीळ देत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सांगितलं तिनं मला. ते पळाल्याचं."

मी चमकून बघितलं.

"काल रातच्याला नीज येईना तिला. मंग सांगितलं, अन् म्हणली, माझ्यामुळं झालं. मी म्हणलं, हसत व्हते का? ती म्हणली, व्हय." वहिनी थांबल्या. "लग्नाला अठरा वर्षं झाली, भावजी. मी त्यायला पळताना बघितलंच न्हाई कधी. ह्या पोरीनं बघितलं."

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, आज तरी हृदय चांगलं आहे. पण हा आजार वाढत्या वयात कधी कधी उशिरा दिसतो. दर वर्षी यायचं, चुकवायचं नाही. तोवर खेळू दे.

वहिनी तिथेच खाली बसल्या, फरशीवर. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच क्षणी वाटलं, हे वाक्य दोन वर्षांपूर्वी तुला ऐकता आलं असतं. दोन वर्षं तू लाइनीवर उभा राहून तिचा खेळ बघू शकला असतास, नुसता खेळ. मी आणखी जोर लावायला हवा होता. तू ओरडलास म्हणून मी भ्यालो. एकदा तुझी गोष्ट सांगून झालेली, म्हणून दुसऱ्यांदा तोंड उघडायला मला तोंडच नव्हतं.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या. आरती माझ्याशेजारी होती. अर्धापूरच्या पुढे तिनं विचारलं, "काका, बाबाचं सरायला तुमीच सांगितलं व्हतं ना?"

"हो."

"काहून?"

तुझाच प्रश्न, तुझ्याच आवाजाच्या चढासकट. आणि मारोती, तुला जे सांगितलं नाही ते मी तुझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला एसटीत बसून सांगितलं. शपथेचं सांगितलं, चार दिवसांचं सांगितलं. 'हो सर' सांगितलं. जागेचंही सांगितलं. ती बाहेर बघत ऐकत होती. रानात हळद उभी होती, पानं पिवळी पडायला लागली होती. मला वाटलं, आता ही उठून दुसरीकडे जाऊन बसेल.

"बाबाला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"जागेचं. मी एकदा इचारलं व्हतं, काकाचा राग न्हाई येत का म्हणून. तर म्हणले, माधवला माझी जागा पाहिजे व्हती अन् मी जिता बी पाहिजे व्हतो. दोन्ही बराबर पाहिजे व्हतं त्याला. त्याचं त्याला उमजत न्हाई, म्हणून त्याला तकलीफ व्हती. मला उमजतं, म्हणून मला न्हाई."

मी पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसलो. तुला ठाऊक होतं. दर शनिवारी चहा सांगताना ठाऊक होतं, आवाज वाढव म्हणालास तेव्हाही बहुतेक ठाऊक होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो आणि तू ते मान हलवून ठेवून घेतलंस. मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं रे. निदान मी माफी मागितली असती. आता कुणाकडे मागू?

फाट्यावर उतरलो. वहिनी रिक्षा बघायला पुढे गेल्या. आरती माझ्याजवळ रेंगाळली.

"काका, पुढच्या साली याल ना बरोबर?"

"येईन. दर वर्षी येईन."

"अन् एखाद्या साली काही निघालं, अन् मी म्हणलं कुणाला सांगू नका, तर?"

तिच्याकडे बघून मला म्हणायचं होतं की तू म्हणशील तसं. ते सोपं होतं आणि तिला तेच ऐकायचं होतं. पण तोंडातून निघालं नाही.

"सांगेन," मी म्हणालो. "तू माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी सांगेन."

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. मग आईच्या मागे गेली.

रागावली असेल तर रागावू दे, मारोती. तुझ्या बाबतीत मी जे केलं तेच पुन्हा करणार आहे. फरक इतकाच की या वेळी मला त्यातून काहीच मिळायचं नाही.